जेवण दुपारी, उलट्या रात्री: लिओंगाथाच्या डेथ कॅप प्रकरणातलं घड्याळ

ऑस्ट्रेलियातलं ते मशरूमवालं प्रकरण बहुतेकांनी बातम्यांत वाचलंय, सुनेने सासरच्यांना जेवायला बोलावलं आणि तिघं गेले, एवढं सगळ्यांना माहितीय. मी फार्मसीवाला असल्यामुळे मला त्यात खुनापेक्षा वेगळंच काहीतरी खुपत होतं. हे विष इतकं जुनं, इतकं अभ्यासलेलं, त्याचं रेणूचं चित्रसुद्धा पुस्तकात छापलेलं, तरी 2023 साली चांगल्या हॉस्पिटलांच्या देशात चारपैकी तीन माणसं हातातून का जातात? खटला चालू होता तेव्हा रोज रात्री जेवल्यावर साक्षी वाचायचो (घरचे वैतागले होते, जेवणाच्या टेबलावर मशरूम विषय बंद कर म्हणून) आणि वाचता वाचता एक गोष्ट पक्की झाली की या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे घड्याळ. कोणाला किती वाजता काय झालं, बस. डॉक्टरांचं निदान त्यावरच अडलं आणि आरोपीची गोष्ट पण बरीचशी तिथेच अडकली.

तर आधी प्रकरण. व्हिक्टोरिया राज्यात मेलबर्नपासून आग्नेयेला साधारण 135 किलोमीटरवर लिओंगाथा नावाचं छोटं गाव आहे, दूधदुभत्याचा, हिरव्या टेकड्यांचा भाग, गिप्सलँड म्हणतात. तिथे एरिन पॅटरसन राहायची. नवरा सायमन वेगळा राहायचा, दोन मुलं, पोटगी आणि शाळेच्या फीवरून कुरबुरी चालू. 29 जुलै 2023, शनिवार, दुपारचं जेवण. बोलावलेलं कोणाला तर सासरे डॉन, सासू गेल, सासूची सख्खी बहीण हेदर आणि हेदरचा नवरा इयान, जो शेजारच्या कोरंबराच्या चर्चमध्ये पाद्री आहे. सायमनलाही बोलावलं होतं, तो आदल्या संध्याकाळी नाही म्हणाला. नाही म्हणाला म्हणून वाचला असं आपण म्हणतो खरं पण सायमनला मारायचा प्रयत्न केल्याचे तिच्यावरचे आरोप सरकारी पक्षाने खटल्याआधीच मागे घेतले होते त्यामुळे ते तेवढंच ठेवूया.

पदार्थ बीफ वेलिंग्टन. म्हणजे मांसाच्या तुकड्याभोवती बारीक वाटून परतलेल्या मशरूमचा थर आणि त्यावर पेस्ट्रीचं आवरण, मग ओव्हनमध्ये. मशरूम त्यात आधीच लगदा झालेला असतो हे लक्षात ठेवा, पुढे लागणारेय. सहसा हा पदार्थ एक मोठा लांबडा रोल करून कापून वाढतात, हिने मात्र प्रत्येकाची वेगळी पुडी केली होती. इयानने कोर्टात सांगितलं की पाहुण्यांना चार राखाडी प्लेटा होत्या आणि एरिनची प्लेट लहान, नारिंगी-तपकिरी रंगाची होती. एरिनने हे नाकारलं. जेवण झाल्यावर तिने आपल्याला कॅन्सर आहे अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं, मुलांना कसं सांगायचं याचा सल्ला मागितला, चौघांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. कॅन्सर नव्हताच, हे तिने स्वतः कोर्टात कबूल केलं. ही प्रार्थनेची गोष्ट वाचून मी लॅपटॉप बंद केला होता त्या दिवशी.

आता घड्याळ बघा. जेवण दुपारी साडेबाराच्या आसपास. दुपार ठीक, चहाची वेळ ठीक, संध्याकाळ ठीक. पाहुणे आपापल्या घरी गेले. रात्री उशिरा, अकराच्या आगेमागे, उलट्या सुरू. म्हणजे जवळजवळ दहा तास मध्ये गेले. आपल्याकडे कोणाला फूड पॉयझनिंग झालं की आपण काय विचारतो, आत्ता काय खाल्लंस? रात्री अकराला उलटी झाली तर माणूस रात्रीच्या जेवणाला शिव्या घालतो, दुपारचं जेवण आठवतच नाही. इथे चौघं दोन वेगळ्या घरांत एकाच वेळी आजारी पडले म्हणून दुपारच्या जेवणाकडे लक्ष गेलं. एकटा माणूस असता तर काय झालं असतं कोण जाणे.

रविवारी सकाळी डॉन आणि गेल कोरंबराच्या हॉस्पिटलात, हेदर आणि इयान लिओंगाथाच्या. सुरुवातीला गॅस्ट्रो म्हणूनच उपचार, सलाइन, उलटीचं औषध. यात डॉक्टरांची चूक काढायची माझी अजिबात इच्छा नाही, खेड्यातल्या हॉस्पिटलात चार वयस्कर माणसं जुलाब-उलट्या घेऊन आली तर पहिला संशय मांस नीट शिजलं नाही असाच येणार, आणि लिओंगाथाच्या डॉक्टरचा पहिला संशय तोच होता. मग डॉन आणि गेलला डॅन्डेनॉंगच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं तिथे रक्ताचे रिपोर्ट बिघडताना दिसले आणि मशरूमचा विषय निघाला, तिथून लिओंगाथाला फोन आला. त्यानंतर सगळ्यांना मेलबर्नच्या ऑस्टिन हॉस्पिटलला, तिथे लिव्हर ट्रान्सप्लांटची सोय आहे. डॉनचं ट्रान्सप्लांट झालं पण. तरी गेल आणि हेदर 4 ऑगस्टला गेल्या, डॉन 5 ऑगस्टला. गेल आणि डॉन दोघंही 70 वर्षांचे, हेदर 66. इयान कितीतरी दिवस आयसीयूत होता, सप्टेंबरमध्ये घरी आला.

आता विष.

डेथ कॅप म्हणजे अमानिटा फॅलॉइडिस. मूळचं युरोपातलं, ओक झाडांच्या मुळांशी भागीदारी करून जगतं, आणि युरोपियन लोकांनी जिथे जिथे आपले ओक नेऊन लावले तिथे तिथे मुळांबरोबर हे पण गेलं. कॅनबेरा, मेलबर्न, कॅलिफोर्निया सगळीकडे. दिसायला काही भयानक नाही, फिकट हिरवट-पिवळसर टोपी, खाली पांढऱ्या कल्ल्या, देठावर झालरीसारखी कडी आणि देठाच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी, जी बहुतेक वेळा मातीत गाडलेली असते आणि वरून खुडलं की मातीतच राहते. चव चांगली असते म्हणतात, वाचलेल्या रुग्णांनीच सांगितलंय. कडू नाही, वास वाईट नाही. गोगलगायी खातात, किडे खातात आणि त्यांना काही होत नाही, म्हणून ते "किडे लागलेलं चालतं" वगैरे गावठी नियम इथे साफ आपटतात. तसंच ते चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण टाकली की रंग बदलतो, हे पण बंडल.

यात विषाचे दोन मोठे कुटुंबं आहेत. एक फॅलोटॉक्सिन, दुसरं अमाटॉक्सिन. गंमत अशी की आधी सापडलं ते कमी कामाचं. म्युनिकला हाइनरिख वीलंड नावाचे नोबेलवाले रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांच्या लॅबमध्ये 1937 साली फॅलॉइडिनचे, म्हणजे फॅलोटॉक्सिन कुटुंबातल्या एकाचे, स्फटिक मिळाले, त्या कामात फेओडोर लिनेन हा विद्यार्थी होता जो पुढे वीलंड यांचा जावई झाला आणि 1964 ला स्वतः नोबेल घेऊन गेला. सासऱ्या-जावयाने मिळून विषारी मशरूम उकळले, असं घराणं. मग 1941 ला त्याच लॅबमध्ये अमाटॉक्सिन कुटुंबातलं अल्फा-अमानिटिन वेगळं काढलं आणि खरा गुन्हेगार हा निघाला. फॅलॉइडिन प्राण्यांना टोचलं तर झटपट मारतं पण खाल्लं तर आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही. अमानिटिन मात्र आतड्यातून आरामात आत जातं.

अल्फा-अमानिटिन म्हणजे आठ अमिनो आम्लांची गोल माळ, मध्ये एक आडवा पूल, त्यामुळे माळ घट्ट आवळलेली. या बांधणीमुळेच ते इतकं चिवट. उकळा, भाजा, फ्रिजमध्ये गोठवा, वाळवा, काही फरक पडत नाही. पोटातल्या ज्या रसांनी डाळीतली आणि मटणातली प्रथिनं तुकडे तुकडे होतात ते रस या माळेपुढे हात टेकतात. प्राणघातक मात्रा माणसाच्या वजनाच्या किलोमागे साधारण 0.1 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम, चिमूटभर मिठापेक्षाही कितीतरी कमी. एका मध्यम डेथ कॅपमध्ये एवढं सहज असू शकतं.

ते करतं काय तर आपल्या प्रत्येक पेशीत आरएनए पॉलिमरेज 2 नावाचं एक यंत्र असतं, डीएनएमधली माहिती वाचून त्याची कामचलाऊ प्रत काढणारं, त्या प्रतीवरून मग प्रथिनं बनतात. अमानिटिन या यंत्राच्या आत जाऊन बसतं आणि यंत्राचा वेग हजारातून दोन-चारावर येतो. मोडत नाही, फक्त रेंगाळतं. मला हे गिरणीसारखं वाटतं. गावातली गिरणी बंद पडली तर त्या दिवशी कोणाला कळत पण नाही, घरोघरी डब्यात पीठ असतं, पोळ्या होतात, जेवणं होतात. डबा खडखडला की बोंब. पेशीचं तेच, जुन्या प्रती आणि जुनी प्रथिनं असेपर्यंत काम चालतं, ती संपली की पेशी मरायला लागते. ते दहा तास कुठे गेले याचं मोठं उत्तर हे आहे. विष दुपारीच कामाला लागलेलं, पीठ रात्री संपलं.

पहिला फटका आतड्याच्या अस्तराला, कारण तिथे पेशी सारख्या नव्या बनत असतात, डबा लहान. म्हणून ते पटकीसारखे जुलाब. आणि मग येतो तो सगळ्यात हरामखोर टप्पा. दीड-दोन दिवसांनी उलट्या थांबतात. पेशंटला बरं वाटतं, चहा मागतो, घरी सोडा म्हणतो. पुस्तकात याला खोटी सुधारणा म्हणतात. त्याच वेळी आत लिव्हर जात असतं, कारण लिव्हरच्या पेशींच्या दारावर ओएटीपी1बी3 नावाचा एक हमाल असतो जो पित्ताचे पदार्थ उचलून आत नेतो आणि तो अमानिटिनलाही पित्ताचंच काहीतरी समजून आत घेतो. आत गेलेलं काही पित्ताबरोबर परत आतड्यात उतरतं, तिथून परत शोषलं जातं, परत लिव्हरकडे. एकच डोस, पण फेऱ्या कितीतरी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्त गोठेनासं होतं, किडनी, भान जाणं. शनिवारी जेवलेली माणसं पुढच्या शुक्रवारी-शनिवारी गेली, पुस्तकातला हिशोब जसाच्या तसा.

हे घड्याळ डोक्यात बसलं की मशरूमच्या बाकी विषांशी फरक पण लगेच कळतो. आपल्याकडे पावसाळ्यात लॉनवर, बागेत जी मोठी पांढरी छत्री येते आणि जिच्या कल्ल्या नंतर हिरवट होतात, ती खाल्ली तर दोन-तीन तासांत उलट्या, माणूस बेजार होतो पण सहसा वाचतो. मस्करिन नावाचं विष असलेल्या जातींत अर्ध्या-एक तासात घाम आणि लाळ. ते लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेलं चित्रातलं मशरूम, त्याची भ्रमिष्टी पण तासाभरात. उलट ओरेलानिन नावाचं एक आहे, ते किडनीवर जातं आणि त्याची लक्षणं दिसायला दोन-तीन दिवस, कधी दोन आठवडे. म्हणजे उलटा न्याय, जे लवकर बोंबलतं ते बहुतेक वेळा सौम्य आणि जे सहा तासांनंतर बोलतं त्याला घाबरायचं. फक्त एक पाचर, भाजीत दोन-तीन जाती मिसळल्या असतील तर लवकर बोंबलणारं आधी बोंबलतं आणि डेथ कॅप त्याच्यामागे लपून येतं, त्यामुळे "लवकर उलटी झाली म्हणजे सुटलो" असं पण नाही.

आता परत एरिनकडे, कारण हे घड्याळ तिला पण लावायचंय.

तिचं म्हणणं होतं तिनेही तेच जेवण जेवलं आणि तिलाही त्याच संध्याकाळपासून जुलाब. म्हणजे चार-पाच तासांत. पाहुण्यांना दहा तास आणि हिला निम्म्यात. एकट्या या गोष्टीवरून कोणाला दोषी धरता येत नाही, पोट कशानेही बिघडू शकतं, पण विषाच्या हिशोबात हे बसत नाही एवढं खरं. रविवारी ती मुलाला गाडीने फ्लाइंगच्या क्लाससाठी दूर टायअबला घेऊन गेली. सोमवारी सकाळी आठच्या सुमारास ती लिओंगाथा हॉस्पिटलात आली. डॉक्टरला तोवर मशरूमचं कळलेलं होतं, त्याने विचारलं मशरूम कुठून आणलेस, तर उत्तर एका शब्दात, वूलवर्थ्स. म्हणजे तिकडचं मोठं सुपरमार्केट. दाखल हो म्हटलं तर पाच मिनिटांत निघून गेली. डॉक्टरने पोलिसांना फोन केला, की बाईने जीवघेणं विष खाल्लेलं असू शकतं आणि ती निघून गेलीय, शोधा. दीड-पावणेदोन तासांनी ती परत आली. पुढे मेलबर्नला नेलं, लिव्हरच्या टेस्ट नॉर्मल, अमानिटाच्या विषबाधेची काही खूण नाही, दुसऱ्या दिवशी घरी.

वाचणं शक्य आहे का? तिने कोर्टात सांगितलं की सासूने आणलेला ऑरेंज केक खूप खाल्ला, मग उलटी काढली, तिला तसा जुना त्रास होता. उलटीने विष कमी होऊ शकतं, हे अशक्य नाही. मुलांबद्दल सांगितलं की रविवारी रात्री उरलेलं मुलांना दिलं, पेस्ट्री आणि मशरूम खरवडून फक्त मांस. इथे माझ्यातला फार्मसीवाला खुर्चीतून उठतो. अमाटॉक्सिन पाण्यात मस्त विरघळतं, मशरूमचा लगदा मांसाभोवती ओव्हनमध्ये शिजलेला, रस मांसात उतरणार नाही तर कुठे जाणार, आणि मुलं ठणठणीत. हे माझं मत आहे, कोर्टाचं वाक्य नाही.

मशरूम कुठले हा पुढचा प्रश्न. ती म्हणाली काही वूलवर्थ्सचे ताजे बटण मशरूम आणि काही वाळवलेले, जे मेलबर्नच्या एका एशियन दुकानातून कधीतरी घेतले होते, नाव आठवत नाही, भाग तीन-चार सांगितले. आरोग्य खात्याची माणसं दुकानं फिरली, काही सापडलं नाही, दुसरा एकही पेशंट कुठे आला नाही. या ठिकाणी मला जरा राग पण आला, कारण एशियन दुकान हे किती सोयीचं उत्तर आहे, मेलबर्नमधले आपले लोक पण तिथूनच वाळलेले शिताके वगैरे आणतात आणि काही दिवस सगळ्या दुकानदारांकडे संशयाने बघितलं गेलं असणार.

2 ऑगस्टला, म्हणजे सासरची मंडळी अजून आयसीयूत होती तेव्हा, तिने घरातला डीहायड्रेटर, भाज्या-फळं वाळवायचं मशीन, कूनवाराच्या कचरा केंद्रात नेऊन टाकला. पोलिसांनी तो परत मिळवला, त्यात डेथ कॅपचे अंश सापडले. आधी ती माझ्याकडे असलं मशीनच नाही म्हणाली होती, नंतर खोटं बोलल्याचं मान्य केलं, घाबरले होते म्हणाली. सरकारी पक्षाचा माग असा की एप्रिल 2023 मध्ये आयनॅचरलिस्ट नावाच्या निसर्गनोंदींच्या साइटवर लॉक गावात डेथ कॅप दिसल्याची नोंद पडली, 28 एप्रिलला एरिनचा फोन त्या भागात होता आणि त्याच दिवशी तिने डीहायड्रेटर विकत घेतला. मे महिन्यात आउट्रिम गावची तशीच नोंद, दुसऱ्या दिवशी फोन त्या बाजूला. बचाव पक्ष म्हणाला फोन टॉवरवरून एवढं नेमकं ठरवता येत नाही, मुद्दा चुकीचा नाही. पण वजनकाट्यावर ठेवलेल्या मशरूमचा एक फोटो पण मिळाला होता आणि बुरशीतज्ज्ञ म्हणाले हे डेथ कॅपशी जुळतंय.

आता तो लगदा. मला या पूर्ण प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखा तुकडा हाच वाटतो. उरलेलं बीफ वेलिंग्टन एरिनच्या घराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यातून काढलं, गेटचा कोड तिनेच दिला. सोमवारीच त्याचा नमुना मेलबर्नच्या बोटॅनिक गार्डनच्या बुरशीतज्ज्ञ बाईंकडे पोचला, त्यांनी मायक्रोस्कोपखाली तुकडे बघितले आणि त्यांना दिसले फक्त साधे बाजारातले मशरूम. डेथ कॅप नाही. विचार करा त्या रात्री डॉक्टरांची काय अवस्था असेल, लक्षणं ओरडून सांगतायत अमाटॉक्सिन आणि मायक्रोस्कोप म्हणतोय काही नाही. नंतर फॉरेन्सिक लॅबने रासायनिक तपासणी केली तेव्हा त्याच उरलेल्या अन्नात डेथ कॅपचं विष मिळालं. डोळ्याला तुकड्याचा आकार लागतो, पोत लागतो, आणि वाटून घातलेल्या गोष्टीला आकारच राहत नाही. रेणू मात्र वाटून मरत नाही. वर म्हटलं ना आठ मण्यांची आवळलेली माळ, जी शिजवून मरत नाही म्हणून जीव घेते, ती त्याच कारणाने पुराव्यातही टिकून राहिली.

उपचारांबद्दल थोडं. यावर मान्य, खात्रीचा उतारा आजही नाही. देतात ते सगळं त्या फेऱ्या तोडायला नाहीतर हमालाला अडवायला. चारकोल परत परत, म्हणजे पित्तातून आतड्यात उतरलेलं विष तिथेच पकडायचं. सिलिबिनिन, मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडापासूनचं, आणि पेनिसिलिनचे मोठे डोस, दोन्ही लिव्हरच्या दारावर गर्दी करतात म्हणजे विषाला आत जायला कमी जागा. एन-ॲसिटिलसिस्टीन, जे आपण पॅरासिटामॉलच्या ओव्हरडोसला देतो. आणि पाणी, भरपूर सलाइन, कारण किडनी हे विष लघवीतून टाकते. शेवटी ट्रान्सप्लांट. आणि नशीब बघा, या जेवणाच्या दोनच महिने आधी, मे 2023 मध्ये, चीनमधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं होतं की इंडोसायनीन ग्रीन हा रंग, जो डोळ्यांच्या आणि लिव्हरच्या तपासण्यांत वर्षानुवर्षं वापरतात, तो उंदरांत अमानिटिनचा असर रोखतो. वाचून वाटलं सापडलं की! पण खाली बारीक अक्षरात तेच घड्याळ, पहिल्या चारेक तासांत दिला तर फायदा, आठ-बारा तासांनी दिला तर उपयोग गेला. आणि माणसाला उलटी होते दहाव्या तासाला.

म्हणजे औषध शोधणाऱ्यांची लढाई विषाशी कमी आणि त्या गप्प बसलेल्या दहा तासांशी जास्त आहे. 2012 च्या सुरुवातीला कॅनबेरात दोघं गेले ते असेच, नवीन वर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणात डेथ कॅप, पॅडी स्ट्रॉ मशरूम समजून घेतलेलं. लहान असताना दोन्ही अंड्यासारख्या पिशवीतून वर येतात, आशियातून आलेल्या माणसाला ते आपल्याकडचंच वाटतं. एप्रिल 2022 मध्ये आसामात चहामळ्यांच्या भागात जंगली मशरूम खाऊन डझनाहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे विदर्भात टेकोडे, कोकणात-गोव्यात अळमी, वारुळावर येणारी, ती ओळखणाऱ्या बायका पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवावर खुडतात आणि माझा त्यांच्यावर भरोसा आहे, मी स्वतः आजीच्या हातची अळंबीची भाजी खाऊनच मोठा झालोय. पण तो अनुभव त्या जागेचा, त्या मातीचा असतो. आजीला मेलबर्नच्या ओकखाली उभं केलं असतं तर तिलाही ते फसवू शकलं असतं. कोणी अशा देशात राहत असाल आणि मशरूम खाऊन सहा तास उलटल्यावर पोट बिघडलं तर बरं वाटायला लागलं तरी हॉस्पिटल सोडू नका, आणि उरलेली भाजी फेकू नका, सोबत घेऊन जा.

खटला मोरवेलला चालला, एप्रिल 2025 अखेरीस सुरू झाला, दहा आठवडे. एरिनचं शेवटपर्यंत म्हणणं होतं की अपघात झाला, लॉकडाऊनपासून मशरूम गोळा करायची आवड लागली, वाळवलेले डबे एकमेकांत मिसळले असतील. सरकारी पक्षाने हेतू काय ते सिद्ध करायचा प्रयत्नच केला नाही, कायद्याने गरज नसते. 7 जुलै 2025 ला ज्युरीने तीन खून आणि एक खुनाचा प्रयत्न यात दोषी ठरवलं, 8 सप्टेंबरला न्यायाधीश क्रिस्टोफर बील यांनी जन्मठेप दिली, 33 वर्षं पॅरोलचा अर्ज नाही. त्या वेळी ती 50 वर्षांची.

एक गोष्ट अजून सुटत नाही मला. इयानने साक्षीत कोणी किती खाल्लं ते सांगितलं. त्याने आणि हेदरने आपापली पुडी पूर्ण संपवली. गेलला अर्धीच गेली, तिची उरलेली अर्धी डॉनने खाल्ली, वर स्वतःची पूर्ण. म्हणजे डॉन दीड, हेदर एक, इयान एक, गेल अर्धी. अर्धी खाणारी गेली, दीड खाणारा ट्रान्सप्लांट होऊनही गेला, आणि नवरा-बायको दोघांनी एक-एक खाल्ली त्यातली बायको गेली, नवरा राहिला. पुड्यांत विष सारखं असेल असं नाही, लिव्हर प्रत्येकाचं वेगळं, उलटीत किती पडलं ते वेगळं, असं सगळं मी स्वतःला सांगून बघतो, पण किलोमागे 0.1 मिलिग्रॅमवाला तो पुस्तकातला आकडा या चार प्लेटांना लावायला गेलं की हिशोब लागत नाही. शिक्षेआधी कोर्टात इयान उभा राहिला, तब्येत आधीसारखी राहिलेली नाही, आणि त्याने सांगितलं की माझ्याशी जे केलं त्यापुरती मी तिला क्षमा करतो, डॉन, गेल आणि हेदरच्या वतीने क्षमा करायचा हक्क मला नाही.